घडीच्या खोलीतली मालिका

पहिल्या चादरीला हात लावण्याआधी घडीमावशी रोज आपल्या हाताची मागची बाजू गालाला लावून बघायची. हात ओला आहे की कोरडा हे तळव्याला कळत नाही, गालाला कळतं, असं तिचं म्हणणं. गार लागलं की ती हात पुन्हा पुसायची, त्यावर फुंकर घालायची, परत गालाला लावायची. मग समाधानानं मान हलवून चादरीची दोन टोकं उचलायची. इस्त्रीच्या रोलरमधून नुकत्याच निघालेल्या गरम चादरीवर ओलं बोट टेकलं तर वळ उठतो, आणि तो वाळला तरी जात नाही. मावशीच्या हातून गेलेल्या चादरीवर असा वळ कुणी पाहिला नव्हता.

सून नवीन होती तेव्हा तिला याची गंमत वाटायची, कारण घरी जेवायला बसतानाही सासूचा हात आपसूक गालाकडे जाई. तिनं नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आई सगळंच गालाला लावून बघते. सांभाळून राहा, एक दिवस तुलाही लावून बघेल."

मावशी ज्या लाँड्रीत कामाला होती ती मोठी होती. मागच्या दारानं इस्पितळांचे आणि हॉटेलांचे मळके गठ्ठे आत यायचे आणि पुढच्या दारानं पांढऱ्या थप्प्या बाहेर जायच्या. मधल्या सगळ्या खोल्यांमध्ये यंत्रांची घरघर. शेवटची खोली तेवढी माणसांची, ती घडीची खोली. तिथं बायका जोडीजोडीनं समोरासमोर उभ्या राहायच्या. दोघींनी दोन दोन टोकं धरायची, मागे सरायचं, चादर ताणायची, एक झटका द्यायचा. मग लांबीत एक घडी, परत एक घडी, आणि चालत एकमेकींपाशी येऊन टोकं दुसरीच्या हातात द्यायची. लोंबणारी कड उचलून पुन्हा मागे, पुन्हा पुढे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघी एखाद्या संथ नाचाची तालीम करताहेत.

याच पावलांवर मावशी गोष्ट सांगायची. आदल्या दिवशी टीव्हीवर जे झालं ते. चादर ताणताना प्रसंगही ताणायची. झटक्याला कुणीतरी दार उघडून आत यायचं. पुढे चालत येताना तिचा आवाज खाली खाली उतरत जाई आणि टोकं हातात देताना खरी बातमी ती इतकी हळू सांगे की शेजारच्या जोडीला मान वाकडी करावी लागे. चादर संपली की भाग संपला. पुढचं हवं असेल तर पुढची चादर उचला! कामचुकार बाईसुद्धा पुढच्या चादरीला लगेच हात घालायची. "घडलेलं सांगायचं तर घडीत बसवून सांगावं," असं मावशी म्हणायची. तिचं खरं नाव फक्त हजेरीला ऐकू यायचं. एरवी लहानथोर सगळ्यांची ती घडीमावशी.

तिच्या तरुणपणी हे सोपं होतं. टीव्हीवर एकच मालिका, तीही आठवड्यातून एकदा. ज्यांची संध्याकाळची पाळी त्यांची ती हुकायची, मग दुसऱ्या दिवशी त्या मावशीच्या टेबलाभोवती घोटाळायच्या. मावशीला त्याचा मोठा तोरा होता. "मी शिंकले तरी खोली थांबते," असं ती घरी येऊन सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

पुढे वाहिन्या वाढल्या, मालिका रोजच्या झाल्या. मावशीनं तेही निभावलं. पण मग प्रत्येकीच्या हातात फोन आला आणि बांधच फुटला. एकीची मालिका दुसरीला ठाऊक नाही. दोघींना ठाऊक असली तर एक पुढच्या भागात, एक मागच्या भागात. "सांगू नकोस हं, माझं बघायचं राहिलंय!" हे वाक्य खोलीत इतकं बोललं जाऊ लागलं की मावशीनं तोंड उघडलं रे उघडलं की कुणीतरी कानावर हात ठेवायची. हळूहळू त्या हातांच्या जागी फोनची कानातली बोंडं आली. जी ती आपापलं ऐकू लागली. खोलीत फक्त चादरींचा झटका ऐकू यायचा, तोही कधी इकडे कधी तिकडे, एका सुरात नाही.

समोरचीशी भांडण झालं ते याच दिवसांत.

समोरची म्हणजे मावशीची जोडीदारीण. वर्षानुवर्षं मावशीच्या समोर उभी राहिली म्हणून तिचं नाव समोरची पडलं. बोलायला कंजूस, ऐकायला पक्की. तिनं एका डॉक्टरची मालिका न बघता साठवून ठेवली होती, सुट्टीत निवांत बघायची म्हणून. मावशीला काय ठाऊक! टोकं हातात देता देता ती सवयीनं पुटपुटली, "गेला गं शेवटी बिचारा डॉक्टर."

समोरचीच्या हातातून चादर निसटली. "तू माझा माणूस मारलास!"

"मी कशाला मारू? गाडीखाली आला तो."

"गाडीखाली? म्हणजे तेही सांगून मोकळी झालीस!"

खोली हसली, आणि तेच वाईट झालं. समोरची तडक मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, "मला जोडी बदलून द्या. हिच्यासमोर मी उभी राहणार नाही." मुकादमानं तिला मागच्या टेबलावर चष्मेवालीसमोर दिलं. आता ती मावशीच्या पाठीमागे उभी असे, तरी नाव समोरचीच राहिलं.

त्याच आठवड्यात सून कामाला लागली होती. मुकादमानं तिला मावशीसमोर उभं केलं. "सासू आणि सून, मधे पांढरी चादर," तो म्हणाला. "तहाचं निशाण आधीच हातात आहे, तेव्हा भांडायचं नाही."

भांडायला सुनेला सवडच नव्हती. तिच्या डोक्यावर मालिकांचं ओझं होतं. बहिणीनं सांगितलेली एक, मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज जिची चर्चा चाले ती एक, नवऱ्याबरोबर अर्धी झालेली एक, सगळं जग बघतंय म्हणून सुरू केलेल्या कितीतरी. एक संपेपर्यंत दोन नव्या यायच्या. ती त्या दीडपट वेगानं बघायची. माणसं चिमण्यांसारखी बोलायची आणि रडायचीसुद्धा भरभर. कामावरही एक बोंड कानात असे, केसांखाली लपवलेलं. इतकं बघूनही रात्री तिला काही आठवत नसे. एकदा जेवताना ती डोळे पुसू लागली. नवऱ्यानं घाबरून विचारलं, काय झालं? "तो म्हातारा बाप गेला रे," ती म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की बाप या मालिकेतला नव्हताच, दुसरीतला होता. या मालिकेतला बाप ठणठणीत होता.

मावशीनं ताटावरून नजर न उचलता विचारलं, "तू बघतेस की उरकतेस गं?"

"अहो आई, किती राहिलंय बघायचं! सगळे पुढे गेलेत."

"मालिका म्हणजे काय खरकटी भांडी आहेत, राहिली म्हणून घासायला?"

सुनेला राग आला. मनात ती म्हणाली, तुमचं बरं आहे, तुमच्या वेळी एकच होती. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर फोनवरची न बघितलेल्या भागांची रांग वर सरकवता सरकवता तिला वाटलं, खरंच, आपण हे कुणासाठी करतोय?

मग ते बोंडाचं झालं. एका सकाळी सुनेच्या कानातलं बोंड पडलं, ते चादरीच्या घडीत गेलं, घडी थप्पीत गेली आणि थप्पी इस्पितळात. तिथं एका आजाऱ्याच्या पाठीखाली ते टोचलं. चादर परत आली, वर चिठ्ठी लावलेली. मुकादम ती चादर दोन बोटांत धरून खोलीत आला आणि सगळ्यांसमोर त्यानं ती मावशीच्या टेबलावर ठेवली.

"मावशी, ही घडी तुमची ना?"

मावशीनं घडीकडे पाहिलं. "माझीच."

"बोंड माझं आहे," सून म्हणाली.

"बोंड कुणाचंही असो. घडी कुणाची ते मी विचारलं." मुकादम वाईट माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्यालाही वरून बोलणी बसली होती. "उद्यापासून फोन बाहेर आणि तोंडंही बंद. काम करायचं आणि घरी जायचं."

सुनेला वाटलं, आता सासू घरी जाऊन फाडून खाईल. मावशी काही बोलली नाही. वाटेतही नाही, जेवतानाही नाही. फाडून खाल्लं असतं तर बरं, असं सुनेला झालं. सासूच्या घडीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, ते आपल्यामुळे ठेवलं गेलं.

मुक्या खोलीत कामाची गत आणखीच बिघडली. बोलणं नसल्यानं पावलांना ताल राहिला नाही. एक पुढे यायची तेव्हा दुसरी अजून मागेच. कडा जुळेनात, थप्प्या एका अंगाला झुकू लागल्या. मावशी दोनतीन दिवस बघत राहिली आणि मग हात पुसून मुकादमाच्या टेबलाशी गेली. सून दारातून ऐकत होती.

"फोन बाहेर ठेवलेत ते चांगलं केलंत," मावशी म्हणाली. "पण तोंडं उघडा. हात तोंडावर चालतात."

"आणि परत काही टोचलं तर?"

"तर मी मळक्या गठ्ठ्यांच्या खोलीत जाईन. कायमची. कुणी सांगायला नको."

मुकादमानं वही मिटली. मळक्या गठ्ठ्यांची खोली म्हणजे वासाची, ओलीची, रक्तामांसाच्या डागांची. तिथं नवख्यांना नाहीतर शिक्षा झालेल्यांना घालत. मावशीच्या वयाच्या बाईनं तिथं वाकून गठ्ठे सोडायचे म्हणजे कंबरेचा निकालच. "मावशी, विचार करा," तो म्हणाला.

"केला. एका चादरीपुरता विचार पुरतो मला."

परत येऊन तिनं सगळ्यांना गोळा केलं. समोरचीसुद्धा आली, पण पाठ करून उभी राहिली.

"ऐका. आजपासून एकीनं एकच मालिका बघायची," मावशी म्हणाली. "बाकीच्या सोडायच्या. जिची जी, ती तिनं नीट बघायची आणि घडी घालून इथं आणायची. ज्या सोडल्या त्या इथं ऐकायला मिळतील. एकीच्या डोळ्यांनी सगळ्या बघतील. राहिलं, हुकलं, मागे पडलं, हे रडगाणं बंद."

एकच निवडायची म्हटल्यावर खोलीत बाजार भरला. एक म्हणे, मला दोन द्या, मी सोसेन. चष्मेवालीनं पाचसहा मालिका बोटांवर मोजल्या, परत मोजल्या, आणि सुस्कारा टाकून वकिलाची घेतली. "नवरा निवडतानासुद्धा मी एवढा वेळ लावला नव्हता," ती म्हणाली.

"म्हणूनच तो तसा निघाला," कुणीतरी म्हणालं.

समोरचीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी एक होती. ती सांगून झाली आहे." आणि आपल्या टेबलाकडे निघून गेली.

सुनेनं दोन बहिणींची मालिका घेतली आणि त्या संध्याकाळी बाकीच्या सगळ्या फोनमधून काढून टाकल्या. रांगच्या रांग नाहीशी झाली. एखाद्या घरातलं जुनं सामान हलवल्यावर भिंत दिसावी तसं तिला मोकळं वाटलं. बहिणीचा फोन आला, "अगं, ती नवी बघितलीस का?" सून म्हणाली, "नाही. माझ्या वाट्याला नाही ती." आणि हे म्हणताना तिला जरासुद्धा चुटपुट लागली नाही. तिनं दोन बहिणी साध्या वेगानं बघितल्या. माणसं माणसांसारखी बोलत होती. मधे गप्पही बसत होती.

सांगायची वेळ आली तेव्हा मात्र फजिती झाली. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुणी काय घातलं होतं, कुठली जाहिरात लागली, मग ती उठली, मग ती बसली. चादरीमागून चादरी संपल्या, पण थोरली बहीण अजून जिन्यातच होती. ऐकणाऱ्या एकेक करून जांभया देऊ लागल्या.

घरी जाताना मावशी म्हणाली, "तू चादर उलगडून दाखवतेस."

"म्हणजे?"

"अगं, घडी केलेल्या चादरीचं वरून किती दिसतं? वीतभर. तेवढंच सांगायचं. बाकीचं आत आहे हे कळलं पाहिजे, बस्स. उलगडायचं काम ऐकणारीचं."

"आणि ते वीतभर कुठलं?"

"ते मला विचारू नकोस. तुझं तूच गालाला लावून बघ."

सून शिकली, पण हळूहळू. मावशी तिच्या वाक्याला पाऊल जोडून द्यायची. बातमी सुटायला लागली की मावशी चादर जरा जास्त ताणून धरायची, म्हणजे सुनेला कळायचं, अजून नाही. टोकं हातात आली की मावशीच्या भुवया वर जायच्या, आता सांग. सासूसुनेचं जे बोलणं घरात कधी झालं नव्हतं ते चादरीच्या दोन टोकांवरून होऊ लागलं. खोलीचा झटकाही पुन्हा एका सुरात वाजू लागला. फक्त मागच्या टेबलावरचा सूर मुका होता. चष्मेवाली वकिलाचं सांगायची, समोरची ऐकायची, पण हूं की चूं करत नसे. मावशी दिवसातून एकदा तरी मान वळवून मागे बघायची. सुनेला ते दिसायचं.

असंच चाललेलं असताना एका संध्याकाळी घरातली वीज गेली ती सकाळीच आली. सुनेचा भाग हुकला. आज नाही, उद्या सांगते, असं म्हणता आलं असतं. पण मागच्या भागात धाकटी बहीण घर सोडून स्टेशनवर गेली होती आणि सगळी खोली तिच्यासाठी ताटकळली होती. सुनेनं चादर उचलली आणि ठोकून दिलं.

"धाकटी बाकड्यावर बसली आहे. गाडी यायचीय. तेवढ्यात शेजारी एक माणूस येऊन बसतो. काळा कोट. म्हणतो, ताई, माझी छत्री बघितलीत का? आत्ता इथंच होती..."

"ए!" मागून चष्मेवाली ओरडली. "हा माझा वकील आहे!"

खोलीत एकच हशा उसळला. छत्र्या विसरणारा वकील चष्मेवालीनं इतका छान सांगितला होता की तो सुनेच्या डोक्यात घर करून बसला होता आणि तिला न विचारता स्टेशनवर गेला होता. सुनेचे कान तापले. पकडली गेली! आता उरल्यासुरल्या अब्रूचंही धुणं झालं.

तेवढ्यात मागून एक कोरडा आवाज आला. "असू दे की."

समोरची बोलत होती.

"तिकडे तो नुसता छत्र्या हरवत हिंडतो," समोरची चष्मेवालीला म्हणाली. "इकडे निदान त्या पोरीच्या उपयोगी पडेल."

मावशीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं चादर ताणली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "वकील आला तर येऊ दे. पण धाकटीनं कालपासून काही खाल्लेलं नाही. तिला चक्कर येतेय. तिथं वकील काय करणार? डॉक्टर पाहिजे."

"डॉक्टर मेलाय," समोरची म्हणाली. "तूच सांगितलंस."

"गाडीखाली आला एवढंच सांगितलं. पुढचं ऐकायला तू थांबलीस कुठे?"

"पुढे काय असतं? मेलेला माणूस काय पुढे जातो?"

मावशी पावलं टाकत सुनेकडे येऊ लागली. आवाज उतरत होता. मागच्या टेबलावरच्या दोघींनी चादर तशीच धरून ठेवली होती. "थंडी होती. डॉक्टरनं अंगावरचा कोट काढून रस्त्यावरच्या एका माणसाला दिला होता. गाडीखाली आला तो कोट. लोकांनी कोट ओळखला." टोकं सुनेच्या हातात आली. "आतला माणूस कुणी पाहिला?"

मालिकेत यातलं काही नव्हतं. हे खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होतं, समोरचीला तर सगळ्यात जास्त. तरी आपली टोकं चष्मेवालीच्या हातात कोंबून ती टेबलाला वळसा घालून आली आणि सुनेच्या शेजारी उभी राहिली.

"सरक गं सूनबाई. मला मागून नीट ऐकू येत नाही."

सुनेनं चादर खाली न ठेवता टोकं तिच्या हातात दिली. समोरची मागे सरली. चादर ताणली गेली. झटका बसला.

"मग तो इतके दिवस होता कुठे, मेला?" समोरची म्हणाली.

"तुझ्यावर रुसून बसला होता," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून खोलीतल्या मालिकांच्या भिंती पडल्या. वकिलानं धाकटीचा खटला घेतला, डॉक्टरनं थोरलीचं दुखणं काढलं, कुणाच्या मालिकेतली कजाग आत्या कुणाच्या मालिकेतल्या घरजावयाला जाऊन भिडली. जिनं जे पाहिलं ते ती आणायची आणि मधल्या मोठ्या गोष्टीत नेमकं बसवायची. इतक्या मालिकांची मिळून एकच मालिका झाली. ती कुठल्याही पडद्यावर लागत नव्हती. कुणी मागे पडत नव्हतं, कारण सगळ्या एकाच पावलावर होत्या. सून आता चष्मेवालीसमोर उभी राहायची आणि तिच्या धाकटीचं काय होतं हे ऐकायला रोलरवरच्या बायकाही दारात येऊन थांबायच्या.

तरी मावशीचा शब्द टांगणीला होताच. तो एके दुपारी खाली आला. इस्पितळातली मेट्रन स्वतः आली, हातात चादर. मागून मुकादम, चेहरा उतरलेला.

"यात बटण निघालं," मेट्रन म्हणाली आणि तिनं चादर मावशीपुढे ठेवली.

मावशीनं चादरीकडे नीट पाहिलंही नाही. तिनं एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेले. दिलेला शब्द म्हणजे दिलेला. समोरचीनं तिचा हात धरला. तोवर सून पुढे झाली होती. तिनं चादर उचलली, कडेवरून बोट फिरवलं, आणि एकदम ताठ झाली.

"ही घडी आईंची नाही."

"चादर तर तुमच्याकडचीच आहे," मेट्रन म्हणाली.

"चादर इथली, घडी इथली नाही. आमच्या आई, आणि त्यांचं बघून इथल्या सगळ्याजणी, शेवटची घडी घालताना कड आत घेतात, म्हणजे बिछान्यावर एका झटक्यात उलगडते. ही कड बाहेर आहे. ही कुणीतरी तिकडे उलगडून पुन्हा घातली." तिनं थप्पीतली एक चादर काढून शेजारी ठेवली. "बघा ना. आणि बटणाचे कपडे या खोलीत येतच नाहीत."

मुकादमानं वाकून दोन्ही कडा बघितल्या. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला. "बरोबर आहे पोरीचं. ही आमच्या मावशींची घडी नव्हे. त्यांची घडी मी आंधळा झालो तरी ओळखेन." ज्यानं खोलीची तोंडं बंद केली होती तोच हे छाती काढून सांगत होता.

मेट्रन समजूतदार होती. "मग आमच्याच वॉर्डात विचारते," असं म्हणून ती वळली, आणि दारात अडखळली. "पण एक सांगा. मी येत होते तेव्हा आतून ऐकलं, डॉक्टरनं लग्न मोडलं. आमच्याकडचा कुठला डॉक्टर?"

खोलीनं हसू दाबलं. मुकादम गंभीरपणे म्हणाला, "तुमच्याकडचा नाही, बाई. तो आमच्या चादरीतला आहे."

मेट्रन गेल्यावर मावशीनं एप्रनची गाठ पुन्हा घट्ट केली. संध्याकाळी बाहेर पडताना फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय मावशी, आज काय विशेष?" तेव्हा मावशीनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. "ही आमची सून," ती म्हणाली. पहारेकरी सुनेला रोज बघत होता. तरी तिनं ते त्याला सांगितलं, आणि पुढे कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही सांगितलं.

पुढे मावशीचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. मुलानं तिच्या खोलीत मोठा टीव्ही लावून दिला. त्यात जगातल्या सगळ्या मालिका होत्या, बोट लावायचा अवकाश. मावशीनं तो पुसून लख्ख ठेवला. सून कामावरून आली की तिच्या पलंगाच्या पायथ्याशी बसायची आणि खोलीतला त्या दिवसाचा भाग सांगायची. डॉक्टर म्हातारा झाला होता, धाकटीला नातवंडं होती, वकिलाची छत्री अजून सापडत नव्हती. कधी समोरची बरोबर यायची आणि मधे मधे दुरुस्त्या करायची. मावशी म्हणायची, "गप गं. तिला सांगू दे."

मावशीच्या आयुष्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी शेजारीण तिच्याजवळ बसली होती. मावशीला दोन दिवस बरं नव्हतं, पण फार काही वाटत नव्हतं. सून तासाभरात येणारच होती. शेजारणीला नुसतं बसवेना म्हणून तिनं टीव्ही लावला आणि विचारलं, "मावशी, काय लावू? भरपूर आहे बघा यात." पुढे जे झालं ते तिनं सुनेला नंतर कितीदा तरी सांगितलं, आणि सुनेनं दर वेळी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकलं. मावशीनं पडद्याकडे एकदा पाहिलं आणि हातानंच नको म्हटलं.

"बंद कर ते. आमची सून येईल एवढ्यात, ती सांगते. तू जाताना दार नुसतं लोटून जा, कडी घालू नकोस."